सीडी-४चा माग

१९८१च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांचा एक लेख छापून आला. मायकेल गॉटलिब आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. रुग्ण चार, सगळे तरुण आणि तोवर धडधाकट असलेले पुरुष. निरोगी माणसाच्या वाटेला सहसा न जाणारा न्यूमोसिस्टिस नावाचा जंतू त्यांच्या फुप्फुसांत माजला होता. याच गटाने जून महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात पाच रुग्णांची छोटीशी नोंद दिली होती. एड्सचा लिखित इतिहास त्या नोंदीपासून सुरू होतो. डिसेंबरच्या लेखात मात्र पुढची गोष्ट होती. या रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशींपैकी एकच जात, प्रतिकारशक्तीच्या बाकी फौजेला कामाला लावणाऱ्या ‘मदतनीस’ पेशी, जवळजवळ नाहीशी झाली होती. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे ‘मारेकरी’ टी-पेशी शिल्लक होत्या.

सूक्ष्मदर्शकाखाली या दोन्ही जाती हुबेहूब सारख्या दिसतात. तोच गोल आकार, तेच मोठं केंद्रक. कितीही चांगलं भिंग घेतलं तरी मदतनीस पेशी कोणती आणि मारेकरी पेशी कोणती, हे नजरेने सांगता येत नाही. फरक असतो तो पेशीपटलावर बसलेल्या एका प्रथिनाचा, आणि ते प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत होतं. असली प्रतिपिंडं तयार होऊ लागून तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. हाच रोग दहा वर्षं आधी डॉक्टरांच्या लक्षात आला असता, तर शरीरातल्या नेमक्या कोणत्या पेशी मरताहेत हे सांगण्याचं साधन जगात कुणाकडेच नसतं.

त्या प्रथिनाला आज सीडी-४ म्हणतात. ‘सीडी-फोर किती आला?’ हा प्रश्न नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी दवाखान्यांच्या ओट्यांवर विचारला गेला. प्रतिपिंडं वापरून पेशीपटलावरचं प्रथिन हुडकण्याची विद्या कशी घडली, तिच्यावर विश्वास कसा बसला आणि तो विश्वास कुठे चुकीचा ठरला, हे समजून घ्यायला सीडी-४इतकं चांगलं उदाहरण नाही.

मुळात प्रतिपिंडांकडे कुणी शोधाचं हत्यार म्हणून पाहत नव्हतं. १८९० साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं, की धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषावरचा उतारा तयार होतो आणि तो दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. घटसर्पावरही हेच लागू पडलं. डॉक्टरांच्या दृष्टीने ते औषध होतं. पण उतारा एकाच विषावर चालतो, दुसऱ्यावर नाही, यातच पुढच्या साऱ्या गोष्टींचं बीज होतं. जे रसायन एकाच वस्तूला धरतं, ते त्या वस्तूचा ठावठिकाणाही सांगू शकतं.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी नकळत तेच केलं. एका माणसाचं रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळलं की कधी गुठळ्या होतात, कधी होत नाहीत, यावरून त्यांनी रक्तगट पाडले. गुठळी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर काहीतरी आहे आणि रक्तद्रवातल्या प्रतिपिंडाने ते पकडलं आहे याची डोळ्यांना दिसणारी खूण. त्यासाठी यंत्र लागत नव्हतं, काचेची पट्टी पुरे होती.

गुठळीवर मात्र पूर्ण भिस्त ठेवता येत नव्हती. आरएच घटकाविरुद्धची बरीचशी प्रतिपिंडं तांबड्या पेशीवर जाऊन बसत, पण पेशींची गुठळी करत नसत. आईच्या रक्तातून अशी प्रतिपिंडं गर्भात जाऊन बाळाचं रक्त नासवीत, आणि चाचणी मात्र सारं ठीक असल्याचं सांगे. १९४५ साली केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स आणि त्यांचे सहकारी आर्थर मुरँट व रॉब रेस यांनी यावर उपाय काढला. मानवी प्रतिपिंडं सशाला टोचायची; ससा त्या प्रतिपिंडांविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवतो; ती नमुन्यात घातली की पेशींवर गुपचूप बसलेल्या मानवी प्रतिपिंडांना ती एकमेकांशी जोडतात आणि गुठळी दिसते. पहिलं प्रतिपिंड लक्ष्य शोधतं, दुसरं पहिल्याला शोधतं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक जीवशास्त्रीय प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ‘सेकंडरी अँटिबॉडी’ची कुपी असते, तिचं मूळ या युक्तीत आहे. आणि कूम्ब्स ज्याच्या मागे होते तो आरएच-डी घटक म्हणजे पेशीपटलातून बारा वेळा आरपार जाणारं एक प्रथिन आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. हुडकणं आधी झालं, ओळख नंतर पटली. हा क्रम या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो.

मुंबईचं नावही याच टप्प्यावर येतं. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. या माणसांच्या तांबड्या पेशी ‘ए’विरुद्धच्या प्रतिपिंडांना दाद देत नव्हत्या, ‘बी’विरुद्धच्याही नाही, म्हणजे वरवर पाहता ‘ओ’ गट. पण त्यांचं रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींचीही गुठळी करत होतं. ज्या ‘एच’ घटकावर ए आणि बी उभे राहतात, तो पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून तो जगभर ओळखला जातो. ‘एच’ हा प्रथिन नसून साखरेच्या साखळीचा तुकडा आहे, पण शोधाची रीत तीच: एका प्रतिपिंडाच्या उत्तरावर न थांबता दुसऱ्या बाजूने पुन्हा विचारायचं. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तद्रवाची उलटी चाचणी मनावर घेतली नसती, तर ती माणसं ‘ओ’ म्हणून नोंदली गेली असती आणि ‘ओ’ गटाचं रक्त त्यांच्या जिवावर बेतलं असतं.

दरम्यान हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी वेगळाच मार्ग धरला होता. १९३९च्या उन्हाळ्यात ते बर्लिनमध्ये होते. संधिवाती तापात हृदयाच्या स्नायूत ज्या गाठी होतात, त्यांत जंतूचा अंश असतो का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. प्रतिपिंडालाच चमकणारा रंग चिकटवला तर ते कुठे जाऊन बसलं हे सूक्ष्मदर्शकातून दिसेल, अशी त्यांची कल्पना. बोस्टनला परतल्यावर १९४१ साली त्यांनी न्यूमोकॉकस जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडाला निळसर चमकणारं रसायन जोडलं. जंतू चमकले. अडचण अशी, की ऊतीसुद्धा अतिनील प्रकाशात आपसूक निळ्या चमकतात. म्हणून त्यांनी हिरवं चमकणारं फ्लुरोसीन घेतलं आणि १९४२मध्ये उंदराच्या ऊतींत जंतूचे अंश दाखवले. मध्ये युद्ध आलं, कून्स सैन्यात गेले, आणि ती पद्धत खऱ्या अर्थाने हाताशी आली ती १९५०नंतर.

पेशीपटलाच्या अभ्यासाला यातून एक मोठी सोय झाली. जिवंत पेशीत प्रतिपिंड शिरू शकत नाही. त्यामुळे जिवंत पेशीवर चमकणारं प्रतिपिंड सोडलं आणि कडेने प्रकाशाची कडी दिसली, तर लक्ष्य पृष्ठभागावरच आहे हे नक्की. १९६१ साली स्वीडनमध्ये ग्योरान म्योलर यांनी उंदराच्या जिवंत पेशींवर हे करून दाखवलं. आजही एखादं प्रथिन पटलावर आहे की आत, हे ठरवायचं तर पहिला प्रश्न हाच असतो: पेशी जिवंत आणि अखंड होती की तिला आधी भोकं पाडली होती?

मग १९७० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॅरी फ्राय आणि मायकेल एडिडिन यांनी केलेला प्रयोग. त्यांनी सेंडाई विषाणूच्या मदतीने माणसाची आणि उंदराची पेशी एकजीव केली. उंदराची प्रथिनं हिरव्या रंगाच्या प्रतिपिंडांनी दिसत होती, माणसाची लाल रंगाच्या. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. सदतीस अंशांवर ठेवल्यावर सुमारे चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. थंड ठेवलं तर मिसळत नव्हते. याचा अर्थ प्रथिनं पटलात खिळलेली नाहीत, ती तरंगत हिंडतात. दोनच वर्षांनी सिंगर आणि निकोलसन यांनी पेशीपटलाचं जे प्रवाही चित्र मांडलं आणि जे आज जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असतं, त्यामागच्या पुराव्यांत हा प्रयोग अग्रभागी होता. प्रथिन शोधण्यासाठी आणलेल्या प्रतिपिंडाने पटलाचा स्वभावच उघड केला.

त्याच सुमारास प्रतिपिंडाचा एक उपद्रवही लक्षात आला. प्रतिपिंडाला दोन हात असतात. त्यामुळे ते दोन-दोन प्रथिनांना धरतं आणि जाळं विणत जातं. १९७१ साली लंडनमध्ये मार्टिन रॅफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लसीकापेशीच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडं सोडली तर काही मिनिटांत ती प्रथिनं ओढली जाऊन पेशीच्या एका टोकाला टोपीसारखी जमतात आणि मग पेशी ती गिळून टाकते. जे बघायचं तेच बघण्याच्या खटपटीत नाहीसं होतं. म्हणून पटलावरची प्रथिनं रंगवताना नळ्या बर्फात ठेवतात आणि द्रावणात सोडियम अझाइड घालतात. नव्या विद्यार्थ्याला हा नियम पाठ करायला लावतात. त्यामागचं कारणही त्याला सांगायला हवं.

या सगळ्या काळात प्रतिपिंडांचा पुरवठा हीच खरी दुखरी जागा होती. ससा किंवा बकरी यांना पेशी टोचायच्या, रक्त काढायचं, त्यातल्या हजारो प्रकारच्या प्रतिपिंडांतून नको ती इतर पेशींवर शोषून काढून टाकायची आणि उरेल ते वापरायचं. दोन सशांची उत्तरं जुळत नसत. सीरम संपलं की प्रयोग संपला. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत एडवर्ड बॉइस आणि लॉइड ओल्ड यांनी एका वाणाच्या उंदराच्या पेशी दुसऱ्या वाणाला टोचून फार नेटकी सीरमं बनवली. १९७५ साली हार्वी कँटर आणि बॉइस यांनी त्यांच्या जोरावर उंदराच्या मदतनीस आणि मारेकरी टी-पेशी वेगळ्या केल्या. माणसांच्या बाबतीत ही वाट बंद होती. माणसांचे शुद्ध वाण नसतात.

कोंडी फुटली ती त्याच वर्षी, केंब्रिजच्या रेणू-जीवशास्त्र प्रयोगशाळेत. जॉर्ज कोहलर आणि सीझर मिल्स्टाइन यांनी मेंढीच्या तांबड्या पेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी घेतली आणि ती कर्करोगी, न थकता वाढणाऱ्या पेशीशी जोडली. जोडपेशीकडे दोन्ही गुण आले: एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवायचं आणि वाढतच राहायचं. ७ ऑगस्ट १९७५च्या ‘नेचर’मध्ये ते तीन पानांत छापलं गेलं. ब्रिटिश सरकारी यंत्रणेने त्याचं पेटंट घेतलं नाही. यावर नंतर पुष्कळ हळहळ झाली, पण संशोधनाचा त्यात फायदाच झाला असं म्हणावं लागेल. जोडपेशी कुपीत गोठवून जगाच्या पाठीवर कुठेही पाठवता येत होत्या आणि तंत्र कुणालाही मोकळं होतं. १९८४ साली दोघांना नील्स येर्न यांच्यासह नोबेल मिळालं.

सीडी-४चं पहिलं दर्शन माणसात नव्हे, तर प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये झालं. १९७७ साली ऑक्सफर्डचे अॅलन विल्यम्स, मिल्स्टाइन आणि जोव्हानी गाल्फ्रे यांनी रॅटच्या पेशीपटलाचा अर्क उंदराला टोचला. अमुक प्रथिन शोधायचं असं ठरवलं नव्हतं. जी प्रतिपिंडं निघतील ती निरनिराळ्या पेशींवर लावून पाहायची, एवढाच बेत. त्यांतलं डब्ल्यू ३/२५ हे प्रतिपिंड टी-पेशींच्या एकाच गटाला धरत होतं, आणि तो गट मदतनिसांचा निघाला. प्रथिन कसलं, त्याचं काम काय, कुणाला ठाऊक नव्हतं. हाती होतं ते फक्त त्याला ओळखणारं प्रतिपिंड.

दोन वर्षांनी माणसाचा नंबर लागला. न्यू जर्सीच्या ऑर्थो कंपनीत पॅट्रिक कुंग आणि गिडियन गोल्डस्टाइन यांनी, बोस्टनच्या एलिस राइनहर्झ आणि स्टुअर्ट श्लॉसमन यांच्यासह, ओकेटी-१, ओकेटी-३ आणि ओकेटी-४ ही प्रतिपिंडं १९७९ साली जाहीर केली. ओकेटी-४ मदतनीस पेशी धरत होतं. कॅलिफोर्नियात दुसऱ्या गटाने ल्यू-३ बनवलं. तेही मदतनिसांना धरत होतं. बोस्टनवाले आपल्या घटकाला टी-४ म्हणत. ही तिन्ही नावं एकाच प्रथिनाकडे बोट दाखवतात की तीन वेगळ्या, हे कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं, कारण प्रथिन अजून कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

मोजणीचा प्रश्नही त्याच काळात सुटला. स्टॅनफर्डचे लेनर्ड हर्झनबर्ग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चमकणाऱ्या पेशी मोजून थकले होते. लॉस अलामॉस प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी पेशी थेंबाथेंबाने वेगळ्या करणारं यंत्र १९६५ साली केलं होतं. त्याचे आराखडे हर्झनबर्ग यांनी आणले आणि त्याला प्रतिपिंडांच्या चमकेची जोड दिली. १९६९मध्ये पहिला लेख, १९७२मध्ये लेसर बसवलेलं सुधारित यंत्र, आणि मग बेक्टन डिकिन्सनच्या कारखान्यातून ‘फॅक्स’ बाहेर पडलं. पेशी एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात आणि प्रत्येकीची चमक नोंदली जाते. हजारो पेशींचा हिशेब मिनिटा-दोन मिनिटांत.

यंत्र आलं, प्रतिपिंडं आली, आणि त्याबरोबर नावांचा गोंधळ आला. १९८२ साली पॅरिसमध्ये लॉरेन्स बूमसेल आणि अॅलन बर्नार यांनी भरवलेली कार्यशाळा या इतिहासातली मला सर्वांत मोलाची घटना वाटते, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं जातं. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी आपापली प्रतिपिंडं, शंभराहून अधिक, एकत्र जमा केली. त्यांवर सांकेतिक क्रमांक टाकून ती सगळ्यांना वाटली गेली. कुपीत कुणाचं प्रतिपिंड आहे हे न कळता प्रत्येकाने ते त्याच त्या पेशींवर लावलं. ज्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली त्यांचा एक गट बांधला, आणि त्या गटाने ओळखलेल्या घटकाला क्रमांक दिला. पहिल्या फेरीत असे पंधरा गट ठरले. ओकेटी-४, ल्यू-३ आणि टी-४ एकाच गटात पडले, तो चौथा. ‘क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन’ची आद्याक्षरं घेऊन नाव झालं सीडी-४. वेगवेगळ्या ठिकाणी बनलेली किमान दोन प्रतिपिंडं जुळल्याखेरीज क्रमांक द्यायचा नाही, असा दंडक पुढे पडला. ही यादी आज ३७०च्या पुढे गेली आहे.

कंपन्या आणि प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ आपला माल झाकल्या कुपीत दुसऱ्यांच्या हाती देऊन परीक्षेला बसले, हे साधं नव्हतं. त्याचं फळ दोनच वर्षांत मिळालं. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाला एड्सचा विषाणू सापडला होता. तो मदतनीस पेशींतच का शिरतो? लंडनमध्ये अँगस डॅलग्लीश, रॉबिन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीपटलावरच्या निरनिराळ्या घटकांना धरणारी १५५ प्रतिपिंडं घेतली आणि एकेक पेशींवर आधी लावून मग विषाणू सोडला. सीडी-४ला धरणाऱ्या चौदाही प्रतिपिंडांनी विषाणूला अडवलं. पॅरिसमध्ये डेव्हिड क्लात्झमन यांचा गट स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला. डिसेंबर १९८४च्या ‘नेचर’मध्ये दोन्ही लेख एकत्र आले: विषाणू ज्या दाराने आत येतो ते दार सीडी-४. चौदा निरनिराळ्या प्रतिपिंडांनी दिलेली एकच साक्ष, म्हणून तिच्यावर जगाने लगेच विश्वास ठेवला.

त्यानंतर १९८५ साली कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड अॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेत पॉल मॅडन यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, तेव्हा कुठे प्रथिनाचा चेहरा दिसला: पेशीबाहेर डोकावणारे चार विभाग, पटलातून एकदाच आरपार जाणारी शेपटी. माणसाचं सीडी-४ उंदराच्या पेशीवर बसवलं तर विषाणू चिकटे, पण आत शिरत नसे. म्हणजे दुसरंही एखादं प्रथिन लागत होतं. ते १९९६ साली एडवर्ड बर्गर यांच्या गटाला सापडलं, आणि त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी विषाणूचा प्रवेश रोखला जातो हाच त्याचाही एक पुरावा ठरला.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ची. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ती केली. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. १९९३ साली त्यांनी उभारलेल्या संस्थेला वडिलांचं नाव दिलं: वाय. आर. गायतोंडे केंद्र. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२पासून सुरू झाली. १ एप्रिल २००४ला सरकारने आठ केंद्रांतून मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, त्यांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

औषध कुणाला आधी द्यायचं याचा निकाल सीडी-४च्या आकड्यावर होई. निरोगी माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. २००च्या खाली गेल्या की उपचार तातडीचे. त्यासाठी रक्ताच्या नळीत रंग जोडलेली प्रतिपिंडं आणि ठरलेल्या संख्येचे सूक्ष्म मणी घालून यंत्र मणी आणि पेशी दोन्ही मोजतं. रक्त ताजं लागतं, जास्तीत जास्त दोन दिवसांचं. गावाकडून एसटीने पहाटे निघून तालुक्यावरून जिल्ह्याला येणाऱ्या रुग्णाला या रांगेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागे. ऑक्सफर्डमध्ये रॅटच्या पेशींवर लावून पाहिलेल्या एका प्रतिपिंडाच्या वंशजाने त्याच्या गोळ्यांचा दिवस ठरवावा, इतकी ही विद्या त्या पंचवीस-तीस वर्षांत दूरवर पोचली होती. उपचाराची मर्यादा पुढे वाढत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये ३५०, २०१३मध्ये ५०० आणि २०१५मध्ये सर्वांनाच औषध असं ठरवलं. भारताने २०१७पासून तेच स्वीकारलं. उशिरा दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी मोजणी अजूनही लागते.

सीडी-४च्या कथेतही एक खाच आहे आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आफ्रिकी वंशाची आणि जपानमधली काही निरोगी माणसं अशी आढळली, की ओकेटी-४ लावलं तर त्यांच्या रक्तात मदतनीस पेशी शून्य! माणसं ठणठणीत. दुसरी प्रतिपिंडं लावली तेव्हा सीडी-४ पुरेपूर दिसलं. त्यांच्या प्रथिनात एका ठिकाणी एक अमिनो आम्ल वेगळं होतं, आणि नेमकी तीच जागा ओकेटी-४ धरत असे. वाड्याच्या एका खिडकीची चौकट बदलली म्हणून वाडा नाहीसा होत नाही. प्रतिपिंडाला मात्र तेवढी खिडकीच ठाऊक असते.

इथे निदान दुसरी प्रतिपिंडं हाताशी होती आणि ती लावून पाहण्याची सवयही होती. पटलावरच्या इतर पुष्कळ प्रथिनांच्या नशिबी हे आलं नाही. सीडी-४चा मोठा भाग पेशीबाहेर उभा असतो, म्हणून ते धरायला सोपं. पण रक्तदाबाशी संबंधित अँजिओटेन्सिनचा ग्राही घ्या. तो पटलातून सात वेळा आत-बाहेर जातो. बहुतेक देह स्निग्ध थरात बुडालेला, बाहेर फक्त लहानसे फास. पटलातून सोडवायला साबणासारखी द्रव्यं लागतात आणि त्यात त्याचा आकार बिघडतो. प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटसाठी नमुना नेहमीप्रमाणे उकळला तर अशी प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. शिवाय बाजारातली कितीतरी प्रतिपिंडं अखंड प्रथिनावर नव्हे, त्याच्या छोट्या तुकड्यावर बनवलेली असतात. तुकडा ओळखणारं प्रतिपिंड घडी घातलेलं प्रथिन ओळखेलच असं नाही. २०१२-१३मध्ये या ग्राहीविरुद्धची बाजारातली प्रतिपिंडं तपासली गेली. ज्या उंदरांत त्याचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्या ऊतींतही तोच पट्टा, त्याच उंचीवर उमटला. त्या पट्ट्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं लेख छापले गेले होते.

२०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभरावर सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये मागणी केली, की संशोधनातल्या प्रतिपिंडांची जनुकीय रचना जाहीर असावी आणि ती त्यावरूनच बनवावीत, म्हणजे कुणीही पुन्हा तंतोतंत तीच बनवू शकेल. मॉन्ट्रियलच्या एका गटाने पॅरिसच्या कार्यशाळेची रीत नव्या स्वरूपात उचलली: उत्पादकांकडूनच प्रतिपिंडं घ्यायची, जनुक काढलेल्या आणि न काढलेल्या पेशी शेजारी ठेवायच्या आणि निकाल सगळ्यांसाठी खुले करायचे. २०२३ साली त्यांनी मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांवरच्या ६१४ प्रतिपिंडांचा हिशेब दिला. रचना ठाऊक असलेली प्रतिपिंडं सरासरीने सरस ठरली, आणि कुचकामी निघालेल्यांतली अनेक छापील लेखांत वापरली गेली होती.

मोठ्या प्रमाणावरच्या तपासणीत मुंबईचा वाटा आहे. २००३ साली स्वीडनमध्ये मथियास उलेन यांनी मानवी प्रथिनांचा नकाशा हाती घेतला. हजारो प्रतिपिंडांनी रंगवलेल्या ऊतींची छायाचित्रं माणसाच्या नजरेनेच वाचायची होती. रंग पटलावर आहे की पेशीरसात, फिका की गडद, अपेक्षित पेशीतच की भलतीकडे, हे ठरवण्याचं प्रचंड काम मुंबईच्या लॅब सर्जपॅथमधल्या पॅथॉलॉजिस्टांनी केलं. हा नकाशा आज कुणालाही फुकट पाहता येतो.

आपल्या विद्यापीठांत शिकणारी मुलं आता प्रतिपिंडाच्या एका चिमुकल्या कुपीसाठी हजारो रुपये मोजतात आणि तिची आठवडेच्या आठवडे वाट पाहतात. त्यांनी कुपी उघडण्याआधी ती कुणी, कोणत्या पेशींवर तपासली आहे हे या खुल्या नोंदींत शोधावं. क्लोनचं नाव, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक वहीत आणि लेखातही लिहावा. जिथे ते प्रथिन नाहीच अशी एक पेशी शेजारी ठेवावी, आणि शक्य असेल तर वेगळ्या जागी धरणारं दुसरं प्रतिपिंड लावून पाहावं. यात महिना-दोन महिने जातील. ते द्यायला मार्गदर्शकांनी आणि निधी देणाऱ्यांनी तयार असलं पाहिजे.